बँकॉक ‘हाफ डे’मध्ये मावत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी किंवा मेची सुट्टी जवळ आली की आपल्या अंकाच्या घडीतून सहल कंपन्यांची पत्रके गळू लागतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत त्यांत थायलंडचे एक तरी असतेच. चार रात्री, पाच दिवस; त्यातल्या दोन रात्री पटाया, दोन बँकॉक; विमानभाडे धरून अमुक हजार आणि तळाशी मुंगीएवढ्या टाइपात अटी. किमतीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते तक्त्यातल्या एका ओळीबद्दल : ‘बँकॉक हाफ डे सिटी टूर – गोल्डन बुद्धा, मार्बल टेम्पल, जेम्स गॅलरी’. म्हणजे अडीचशे वर्षांच्या घरातली राजधानी सकाळी नऊला सुरू आणि जेवणाच्या आत खलास. उरलेला दिवस सफारी वर्ल्डला, संध्याकाळ क्रूझवरच्या जेवणाला. परतलेली मंडळी मग ‘बँकॉकमध्ये मॉल सोडून काही नाही’ असे सांगत फिरतात, आणि त्यांचा तरी काय दोष?

यातली दोन्ही मंदिरे चांगलीच आहेत. पण हीच दोन का, याचे उत्तर तिकिटात आहे. ग्रँड पॅलेसला परदेशी माणसाला ५०० बाहत पडतात. एक बाहत अडीच ते तीन रुपयांचा धरला तर चाळीस जणांच्या बसचा हा आकडा पन्नास हजारांवर जातो. ‘जेम्स गॅलरी’ म्हणजे रत्नांच्या दुकानात मात्र तिकीट नाही, उलट बस दारात उभी राहिली की कमिशन सुटते. हे या धंद्यात कुणापासून लपलेले नाही. म्हणून पत्रकात दुकान असते आणि राजवाडा ‘ऑप्शनल’ असतो.

दुसरी अडचण बसचीच आहे. बँकॉक हे नदीचे शहर आहे, हे बसच्या काचेतून कळत नाही. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या ही जुनी राजधानी जाळली. ताक्सिन राजाने नवी राजधानी चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला केली. १७८२ मध्ये पहिल्या रामा राजाने ती पूर्वेच्या काठावर आणली, जिथे नदी मोठे वळण घेते. वळणाच्या उघड्या बाजूला कालवे खणले आणि बेट तयार केले, तेच रत्नकोसिन. राजवाडा, वाट पो (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर), राष्ट्रीय संग्रहालय, ब्राह्मणांचे देवस्थान हे सगळे त्या बेटावर. राजवाड्याच्या जागी आधी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, तिला खाली दक्षिणेला सरकवले, तो आजचा चायनाटाउन. वाट अरुण समोरच्या तीरावर. जुने बँकॉक हे असे चार-पाच किलोमीटरच्या काठावर एका ओळीत लागते. पॅकेजची हॉटेले मात्र बहुधा प्रतूनाम किंवा नाना भागात, पाच-दहा किलोमीटर पूर्वेला, आणि मधे तिथली कुप्रसिद्ध वाहतूक. सकाळी आठनंतर हॉटेलाहून राजवाड्यापर्यंत बसने तास-सव्वा तास गेला तर नवल नाही. गाइड मग घड्याळ बघत माणसे हाकतो.

म्हणून पहिला सल्ला : जुन्या शहराच्या दिवशी बस विसरा, बोट धरा.

बीटीएस म्हणजे तिथली उन्नत रेल्वे. तिचे सफान ताक्सिन स्टेशन गाठायचे, दोन नंबरच्या दाराने उतरायचे की समोर साथॉर्न धक्का. इथे दोन प्रकारच्या बोटी लागतात आणि इथेच बहुतेक जण फसतात. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची. तिचे तिकीटवाले मोठमोठ्याने हाका मारून दिवसाचा १५० बाहतचा पास गळ्यात घालतात. नारिंगी झेंड्याची बोट शहरातल्या लोकांची. कुठेही उतरा, सध्या १६ बाहत. दिवसात तीन वेळा चढला-उतरला तरी ४८ होतात. नारिंगीची खिडकी वेगळी असते आणि तिथे कुणी हाका मारत नाही, एवढाच काय तो फरक. निळ्या बोटीत बसायला जागा ऐसपैस आणि इंग्रजीत घोषणा होतात; सोबत वयस्कर मंडळी असतील तर ती घ्यायला हरकत नाही. पिवळ्या झेंड्याची बोट ऑफिसच्या गर्दीच्या वेळची, ती मोजक्याच धक्क्यांवर थांबते. ‘आता बोट नाही, खासगी लाँगटेल (लांब, अरुंद मोटारनाव) करा’ असे सांगणारा कुणी धक्क्याच्या बाहेर भेटला तर सरळ आत चालू पडावे.

धक्क्यांना क्रमांक आहेत, ते लक्षात ठेवले की नकाशाची गरज उरत नाही. उत्तरेकडे जाताना राचावोंग पाचवा, तो चायनाटाउनचा. था तियन आठवा, तो वाट पोचा. था चांग नववा, तो राजवाड्याचा. फ्रा आर्थित तेरावा, तिथून खाओसान रस्ता जवळ. दोन्ही दिशांच्या बोटी बऱ्याचदा एकाच तराफ्याला लागतात, तेव्हा चढण्याआधी ‘था चांग?’ एवढे विचारून मान हलली की चढायचे. बोटीच्या शेपटाला एक माणूस दोरखंड घेऊन उभा असतो. तो शिट्टी वाजवत चालकाला सांगतो, किती मागे, किती डावीकडे. चालकाला मागचे काही दिसत नाही, तो शिट्टीवर बोट लावतो. दोर खांबाला दोन वेढे बसतो न बसतो तोच माणसे उतरतात, चढतात, आणि अर्ध्या मिनिटात बोट सुटते. म्हणून आपला धक्का येण्याआधीच उठून मागच्या दाराशी यायचे. चढताना तराफा आणि बोट यांच्यातली फट बघायची, लहान मुलाचा हात सोडायचा नाही, मोबाइल खिशात. भिक्षूंसाठी राखलेली जागा मोकळी दिसली तरी तिथे बसायचे नाही. नारिंगी बोट संध्याकाळी सहा-सातनंतर मिळेलच असे नाही, परतीचा दुसरा मार्ग ठरवून ठेवा. कोलशेत ते वसई खाडी जलवाहतुकीच्या बातम्या आपल्याच अंकात वर्षानुवर्षे वाचणाऱ्या ठाणेकराला ही १६ बाहतची बोट पाहून थोडे चुरचुरते, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.

हॉटेल प्रतूनामला असेल तर सेन सेप कालव्यातली बोट आहे. दहा-वीस बाहतमध्ये ती जुन्या शहराच्या वेशीजवळ बोबेच्या कापड बाजाराला सोडते. कडेला पाय ठेवून, दोरीला धरून आत उडी घ्यावी लागते, तिकीटवाला हेल्मेट घालून बाहेरच्या अरुंद कठड्यावरून चालत पैसे घेतो, आणि समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घेतात. पाणी काळे आहे, म्हणून तो पडदा. गुडघे दुखणाऱ्यांनी ही बोट टाळावी. नानाच्या बाजूने येणाऱ्या सगळ्यांना प्रतूनामच्या धक्क्यावर बोट बदलावी लागते.

मेट्रोही आता जुन्या शहरात पोहोचली आहे. एमआरटीच्या निळ्या मार्गाचा विस्तार २०१९ मध्ये झाला. सनाम चाय स्टेशनवरून वाट पो चालत पाच मिनिटे, वाट मंगकोन स्टेशन थेट चायनाटाउनात. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचे टॅप होणारे कार्ड चालते. बीटीएसला ते चालत नाही, तिथे रॅबिट कार्ड किंवा सुटे तिकीट. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटे. एकावर दुसरीकडे जाता येत नाही.

आता राजवाडा. खिडकी साडेआठला उघडते आणि तिकीट विक्री दुपारी साडेतीनला बंद होते. साडेआठलाच पोहोचा. साडेनऊनंतर मोठ्या बसगाड्या येतात आणि अकरापासून दगडी अंगणात पाय भाजतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. हाफ पँट, बिनबाह्यांचा टॉप, घट्ट लेगिंग, फाटकी जीन्स या कशावरच आत सोडत नाहीत. ओढणी खांद्यावर टाकली की भागेल या भरवशावर राहू नका. आपला सलवार-कुडता किंवा साधी सुती पँट आणि बाह्यांचा शर्ट उत्तम. नाहीतर बाहेरच्या दुकानात हत्तींची चित्रे असलेली ढगळ विजार घ्यावी लागते, जी घरी परत आल्यावर कुणी घालत नाही.

दारापर्यंतच्या रस्त्यावर एक नाटक रोज चालते. नीटनेटके कपडे, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस भेटतो. म्हणतो, ‘आज सण आहे, राजवाडा दोननंतर उघडेल, तोवर टुकटुकने वीस बाहतमध्ये तीन मंदिरे बघून या.’ टुकटुक एका ओसाड मंदिरात नेते, मग सूट शिवणाऱ्या शिंप्याकडे, मग ‘सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस’ असलेल्या रत्नांच्या दुकानात. वीस बाहतमध्ये टुकटुक परवडते ती दुकानदाराच्या पैशावर. तिथे घेतलेला नीलम इथल्या सराफाला दाखवला की किंमत कळते, आणि परत करायला कुणी तिथे जात नाही. राजवाडा राजघराण्याचे विधी सोडले तर रोज उघडा असतो. बंद असेल तर ते राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि फाटकावर लिहिलेले असते, रस्त्यावरचा माणूस ते सांगायला उभा नसतो.

आत गेल्यावर सगळे जण पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती साधारण ६६ सेंटिमीटरची, पाचूची नव्हे तर हिरव्या जेडची, आणि खूप उंचावर ठेवलेली. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी या तीन ऋतूंना राजा स्वतः तिची सोन्याची वस्त्रे बदलतो. आत फोटो काढायचे नाहीत, पाय मूर्तीकडे करून बसायचे नाही. दहा मिनिटांत हे होते. मराठी माणसाने खरा वेळ द्यायचा तो भोवतालच्या ओवरीला, आणि तीच नेमकी ‘हाफ डे’वाले आणि घाईचे गाइड गाळतात.

या ओवरीच्या भिंतीवर १७८ चित्रांत अख्खे रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेले आहे. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालायचे. पहिल्याच चित्रात जनक राजाला शेतात सीता सापडते. समोरच्या खांबांवर संगमरवरी पाट्यांवर त्या त्या प्रसंगाचे थाई पद्य कोरले आहे. ते वाचता आले नाही तरी अडत नाही, कारण गोष्ट आपल्याला पाठ असते. पात्रे रंगावरून ओळखायची : राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा, दशकंठ रावणही हिरवा, पण त्याच्या डोक्यांवरून चूक होत नाही. मग फरक दिसायला लागतात. आपला मारुती ब्रह्मचारी. इथला चांगला रंगेल. सेतू बांधताना दगड पळवणारी सुवर्णमत्स्या ही रावणाची मुलगी. हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्याच प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा मच्छानू, माशाच्या शेपटीचे माकड. आपल्याकडच्या मकरध्वजाचा हा सख्खा भाऊ शोभावा. महिरावणाचा प्रसंग तर थांबून पाहण्यासारखा : रामाला कुणी पळवून नेऊ नये म्हणून हनुमान डोंगराएवढा होतो आणि रामाचा आख्खा मंडप तोंडात धरून बसतो. चित्रात त्याच्या उघड्या जबड्यात, दातांच्या मागे, राम शांत झोपलेला दिसतो. भिंतीजवळ जाऊन बघा, मुख्य प्रसंगाच्या कडेला कोपऱ्यात चित्रकारांनी साधी माणसे, बाया, पोरे, टवाळ्या करणारे सैनिक भरून ठेवलेत. मुलांना ‘अहिरावण-महिरावण’ घरून सांगून नेले तर ती या ओवरीत तासभर कंटाळत नाहीत. उकाड्यात सावलीही इथेच.

जवळच अंगकोर वाटची दगडी प्रतिकृती आहे, चौथ्या रामा राजाने करवून घेतलेली. तिकिटातच खोन या मुखवट्यांच्या नृत्यनाट्याचा छोटा प्रयोगही येतो. त्याचे वार आणि वेळ तिकीट घेतानाच विचारून घ्या, नंतर कुणी सांगत नाही.

राजवाड्यातून अकराच्या सुमारास बाहेर पडून दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटे चालले की वाट पो, ३०० बाहत. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. मंडप त्याच्या मापाचा बेताचा बांधलेला, त्यामुळे एका नजरेत तो कधीच दिसत नाही. पायांच्या तळव्यांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हे आहेत. मागच्या बाजूला १०८ काशाच्या वाडग्यांत सुटी नाणी टाकत जायचा रिवाज, त्याचा टिणटिण आवाज सगळीकडे भरून असतो. थाई मालिशचे जुने शिक्षण याच आवारात चालते. मालिश करून घ्यायचे तर इथे घ्या, दर बाहेरच्यापेक्षा जरा जास्त पण हात शिकलेला. भरल्या पोटी नको, आणि ‘हळू’ आधीच सांगा, थाई मालिश म्हणजे अंग मुरगाळणेच असते.

था तियनहून ५ बाहतची नाव समोर वाट अरुणला सोडते, प्रवेश २०० बाहत. मधला मनोरा सत्तर-ऐंशी मीटरचा. दुरून तो करडा वाटतो. जवळ गेल्यावर कळते की सगळ्या अंगावर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे फुलांच्या आकारात बसवलेत. चिनी गलबतांत वजनासाठी भरून आलेली ही भांडी. पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना पोटात गोळा येतो. साडीत उलटे, कठड्याला धरून उतरा. संध्याकाळी मात्र या तीरावर थांबू नका. सूर्य मनोऱ्याच्या मागे मावळतो, तेव्हा सहाच्या आधी परत था तियनला या आणि तिथून बघा. काठावरच्या गच्चीवरच्या हॉटेलांत त्या वेळी एका सरबताचे दोन जेवणांएवढे पैसे लावतात. धक्क्यावरून तेच फुकट दिसते.

सहली आखून देताना खाण्याचा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जातो, तेव्हा जरा सविस्तर. ‘नो मीट’ म्हटल्याने बँकॉकमध्ये काहीही साधत नाही. स्वयंपाकी प्रामाणिकपणे मांस काढून टाकतो आणि प्रामाणिकपणे नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, ओततो. त्याच्या लेखी ते मीठ आहे. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, वाळलेला जवळा असतो. पाद थायमध्येही. लाल-हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, ती नंतर काढता येत नाही. भाज्यांवर ऑयस्टर सॉस, सूपाला कोंबडीचे पाणी. उपाय एका अक्षराचा : ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल रंगात थाईतले ‘เจ’ काढलेले असते, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसते. ही चिनी बौद्धांची व्रताची पंगत. मांस, मासे, अंडी, दूध यांतले काही नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या जैन मंडळींना हे ऐकून हायसे वाटते, आणि वाटावे असेच आहे. दुकानात ‘किन जे’ म्हणजे ‘मी जे खातो’ एवढे सांगायचे. ‘मांगसाविरात’ हा दुसरा शब्द नुसत्या शाकाहाराचा, त्यात अंडे चालते. चायनाटाउनात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस ‘जे’चा उत्सव असतो, तेव्हा गल्ल्या पिवळ्या पताकांनी भरतात. एरवी फाहुरात या भारतीय कापड बाजारात, गुरुद्वाऱ्याच्या आसपास, थाळी-पराठा मिळतो. आंबा-चिकटभात मार्च ते मे उत्तम, नंतर आंबा पाणचट. डुरियन हॉटेलच्या खोलीत नेले तर दंड पडतो, पाटी वाचा.

दुसरा दिवस चायनाटाउनला द्या आणि तो उलटा लावा : दुपारी तीनला सुरुवात. वाट त्राइमितचा सोन्याचा बुद्ध साडेपाच टनांचा; शतकानुशतके गिलाव्याखाली दडलेला होता, १९५५ मध्ये हलवताना मूर्ती पडली, गिलावा तडकला आणि आतले सोने दिसले. पत्रकातले हे एक ठिकाण खरोखर चुकवू नये असे. तिथून साम्पेंगच्या गल्लीतून, जिथे दोन माणसे आणि एक हातगाडी एका वेळी जाऊ शकत नाहीत, फाहुरातपर्यंत चालायचे. तिथून जवळच पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार, दिवसरात्र चालणारा, रात्री उशिरा सगळ्यात भरलेला. झेंडूचे डोंगर आणि मोगऱ्यासारख्या कळ्यांचे नाजूक हार बघून दादरच्या फुलबाजाराचीच आठवण होते, फक्त इथे बर्फाच्या पेट्या जास्त. याओवरात या चायनाटाउनच्या मुख्य रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्या सहानंतर लागतात. सोमवारी बऱ्याच लागत नाहीत.

वाट सुथातसमोरचा मोठा लाल झोपाळा सगळे फोटोपुरता पाहतात. त्यामागची गोष्ट सांगितली जात नाही. ब्राह्मणी विधीत माणसे त्यावर झोके घेत उंच टांगलेली पैशांची पिशवी दातांनी पकडत. विधी १९३५ मध्ये बंद झाला, आताचे सागवानी खांब २००७ चे. बाजूलाच देवस्थान आहे : शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन साधी, पांढरी देवळे, १७८४ मधली. थाई राजदरबारचे ब्राह्मण इथलेच. २०१९ च्या राज्याभिषेकात आणि दर मे महिन्याच्या नांगरणीच्या विधीत तेच असतात. आतली देवळे रोज उघडी मिळतील असे नाही, पण अंगणात कुणी अडवत नाही. एरावानच्या चौकातल्या ब्रह्मदेवापुढे फुले वाहणाऱ्या थाई लोकांची रांग बघून ज्यांना नवल वाटते, त्यांनी आधी इथे यावे.

बाकीचे झटपट. राष्ट्रीय संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद. राजांच्या अंत्ययात्रेचे प्रचंड सोनेरी रथ तिथे आहेत. जिम थॉम्पसन या थाई रेशमाच्या अमेरिकी व्यापाऱ्याचे सागवानी घर बीटीएसच्या नॅशनल स्टेडियम स्टेशनजवळ, गाइडसोबतच आत सोडतात. चातुचाक बाजार शनिवार-रविवारीच. एमआरटीच्या कांफेंग फेट स्टेशनच्या दोन नंबरच्या दारातून थेट आत, आणि दुकान आवडले तर तिथेच घ्या, परत सापडत नाही. प्लॅटिनम मॉलमध्ये एकाच दुकानातून तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो. डामनोन सादुआकचा तरंगता बाजार शंभर किलोमीटर दूर. नऊनंतर तिथे पर्यटकांच्याच बोटींची कोंडी असते, आणि टॅक्सीवाले मुख्य धक्क्याच्या आधीच खासगी धक्क्यावर उतरवून दामदुप्पट बोट गळ्यात मारतात. त्यापेक्षा शनिवार-रविवारी शहरातलाच ख्लोंग लात मायोम बरा. एक दिवस जास्त असेल तर तो अयुथ्येला द्या : साध्या गाडीचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट वीस बाहतच्या आसपास, दीड-दोन तास, उतरल्यावर सायकल भाड्याने.

कागदपत्रांत नवी गोष्ट एकच. विमानातला कागदी फॉर्म आधीच बंद झाला होता, १ मे २०२५ पासून त्याच्या जागी ऑनलाइन नोंद आली. टीडीएसी हे डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत थाई इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर भरायचे. ते पूर्ण फुकट आहे. शोधले की वर येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे घेतात, त्या सरकारी नव्हेत. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट टीएच’ आहे का ते बघा. प्रत्येकाचे वेगळे, तान्ह्या बाळाचेही. व्हिसाचे नियम भारतीयांसाठी अलीकडे सैल झाले असले तरी ते बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी दूतावासाचेच पान पाहावे, शेजाऱ्याचा अनुभव नव्हे.

मुंबईहून विमान चार-साडेचार तासांचे, घड्याळ दीड तास पुढे. रात्रीची विमाने पहाटे पोहोचतात आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. पॅकेजवाले ही पोकळी झोप न झालेल्या माणसांना पटायाच्या बसमध्ये बसवून भरतात. स्वतः जात असाल तर सामान हॉटेलात ठेवून सकाळ नदीवर घालवा. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल्वे फाया थायपर्यंत ४५ बाहत, अर्धा तास; प्रतूनामवाल्यांनी त्याआधीच्या राचाप्रारोपला उतरावे. टॅक्सी घ्यायची तर यंत्रातून पावती काढून, त्यावरच्या क्रमांकाच्या रांगेत. मीटर ३५ बाहतपासून, वर विमानतळाचे ५० आणि टोल आपला. शहरात मीटर नाही म्हणाला की दुसरी टॅक्सी. एटीएमला दर वेळी दोनशेवर बाहत शुल्क कापतात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा, आणि यंत्राने ‘रुपयांत की बाहतमध्ये’ विचारले तर बाहत. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे तो गुन्हा आहे. राजाच्या चित्राचा अवमान हाही गुन्हाच. नोटेवरही ते चित्र असते, म्हणून पडलेली नोट पायाने अडवू नये. जुनी बुद्धमूर्ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

मोसमाचे गणित शाळेच्या सुट्टीशी जुळत नाही, हे खरे दुखणे. एप्रिल-मे म्हणजे घामाच्या धारा. १३ ते १५ एप्रिल सोंक्रान हा थाई नववर्षाचा सण, तेव्हा पाण्याने भिजायची तयारी असेल तरच. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात पावसाचे. नाताळची सुट्टी हवेला उत्तम, खिशाला नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गारवा असतो पण हवेत धुरकट. दम्याच्या माणसांनी जपावे. दिवाळी नोव्हेंबरात आली तर तीच सोयीची.

आणि पत्रक घेऊन कंपनीच्या काउंटरवर बसाल तेव्हा चार गोष्टी लेखी मागा. पोहोचल्या दिवशी खोली किती वाजता मिळणार? ग्रँड पॅलेसचे तिकीट धरले आहे का? ‘शॉपिंग स्टॉप’ किती, आणि बसमध्येच थांबलो तर चालेल का? सफारीचा दिवस वगळला तर माणशी किती कमी होतील? हा शेवटचा प्रश्न व्हाउचर निघण्याआधी विचारायचा. निघाल्यावर पैसे सुटत नाहीत.

आपले,
सहल नियोजनाच्या कामातले काही वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)